गादीचा बूट आणि अनवाणी पाय

मंडळी, जोहे म्हटलं की गणपती. हमरापूर-जोहे भागात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण हल्ली आमच्याकडे पहाटे आणखी एक दृश्य दिसतं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली रस्त्याच्या कडेने धावत असतात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्या गुणांवर कितीतरी घरांची आशा टांगलेली असते. अशा घरांतून मला एक प्रश्न हमखास येतो, "बाई, रोजच्या धावण्याला तो जाड गादीचा बूट घ्यायलाच हवा का हो? आपले लोक तर अनवाणीच धावायचे की!"

मी काही खेळातली तज्ज्ञ नाही. जन्म इतिहास शिकवण्यात गेला. तेव्हा म्हटलं, आपल्या वाटेनेच उत्तर शोधावं.

"आपले लोक अनवाणीच धावायचे" हे खरं आहे, आणि त्याला चांगला पुरावाही आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना सर दोराबजी टाटांनी तिथले खेळांचे सामने पाहिले. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांची मुलं होती. अंगमेहनतीचं काम, जेमतेम खाणं, शास्त्रशुद्ध सराव नाही आणि पायांत काही नाही. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नव्हत्या. हे पाहून टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. ती शर्यत नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटांच्या आसपास वेळ नोंदवून एकोणिसावे आले. त्या काळात, इतक्या तुटपुंज्या तयारीवर, ही केवढी मोठी गोष्ट!

पण इथे एक प्रश्न विचारायला हवा. ती मुलं अनवाणी धावत होती, ते कशामुळे? त्यांनी बूट घालून पाहिला आणि नको म्हटलं, असं नव्हे. बूट परवडत नव्हता. आपण गरिबीचं शौर्य करून टाकतो आणि मग तेच पुढच्या पोरांना उपदेश म्हणून ऐकवतो. सावरपाड्याच्या कविता राऊत अनवाणी धावत पुढे आल्या आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. त्यांचं उदाहरण आमच्या मुलींना नेहमी दिलं जातं. पण त्या दिल्लीच्या मैदानावर अनवाणी उतरल्या नव्हत्या, हे कोणी सांगत नाही.

दुसरं लाडकं उदाहरण इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं. १९६० साली रोमच्या रस्त्यांवर तो अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसले नव्हते आणि अनवाणी धावायची सवय होतीच, म्हणून त्याने ते बाजूला ठेवले. गोष्ट इथेच थांबवली जाते. पुढचा भाग असा की, १९६४ साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि वेळ होती २ तास १२ मिनिटं ११ सेकंद. बुटामुळे तो वेगवान झाला असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की ज्या पायांना अनवाणी धावण्याचा सर्वाधिक सराव होता, त्यांनाही बुटाचं वावडं नव्हतं. आपल्याकडचे शिवनाथ सिंगसुद्धा तळव्यांना चिकटपट्टी लावून धावणारे म्हणून ओळखले गेले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉनला अकरावे आले. चिकटपट्टी म्हणजे तरी काय, पायाला दिलेलं थोडं संरक्षणच ना?

मग ही जाड गादी आली कुठून? आमच्या वेळी खेळाचा बूट म्हणजे पांढरा कॅनव्हासचा. तळाला पातळ रबर, वरून पांढरी फासलेली, आणि तो मुख्यतः १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या संचलनाला. त्याला बोटभरही गादी नव्हती. गादी आली ती अमेरिकेतून, आणि तीही विजेत्यांसाठी नव्हे. बिल बॉवरमन नावाच्या प्रशिक्षकाने न्यूझीलंडमध्ये साधी, मध्यमवयीन माणसं हळूहळू धावताना पाहिली. परत येऊन त्याने आपल्याकडे ही सवय रुजवली आणि १९६६ साली जॉगिंगवर पुस्तक लिहिलं. दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं डांबरी रस्त्यावर धावू लागली आणि त्यांचे गुडघे, पोटऱ्या, टाचा बोलू लागल्या. १९७२ साली बॉवरमनच्या आराखड्याचा कॉर्टेझ हा फोमचा तळ असलेला बूट बाजारात आला. पुढे ईव्हीए नावाचा हलका फोम आला, आणि १९७९ मध्ये तळात हवेची पिशवी असलेला बूटही आला.

थोडक्यात, आधी जमीन बदलली, मग धावणारा बदलला, आणि शेवटी बूट बदलला.

आमच्या कारखान्यांतून मूर्ती टेम्पोत चढते तेव्हा तिच्या भोवती पेंढा भरतात. मूर्ती कच्ची म्हणून नव्हे, रस्ता खराब म्हणून. बुटातली गादी म्हणजे तोच पेंढा. तो किती हवा, हे रस्त्यावर ठरतं.

२००९-१० साली यावर मोठा वाद झाला. 'बॉर्न टू रन' हे पुस्तक २००९ मध्ये आलं आणि अनवाणी धावण्याची लाट उठली. २०१० मध्ये डॅनियल लिबरमन यांच्या संशोधनाने दाखवलं की अनवाणी धावण्याची सवय असलेली माणसं बहुधा चवड्यावर किंवा पायाच्या मधल्या भागावर उतरतात, आणि बूटवाले बहुतेक टाचेवर. अनवाणी माणूस कडक जमिनीवर टाच आपटत नाही, कारण दुखतं! पण यातून दुखापती कमी होतात असं सिद्ध झालं नव्हतं. गंमत म्हणजे त्याच २००९ साली फ्रान्समध्ये होका ही कंपनी सुरू झाली आणि तिने अगदी उलट, भरपूर जाड तळाचे बूट आणले. आज दुकानात त्याच जाड तळांची चलती आहे.

मग निवाडा काय? २०२० साली लक्झेंबर्गमधल्या ८४८ हौशी धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मऊ आणि निम्म्यांना कडक तळाचे बूट दिले, दिसायला सारखेच. कडक बूटवाल्यांना दुखापती जास्त झाल्या. आणि विशेष म्हणजे मऊ गादीचा फायदा वजनाने हलक्या माणसांना झाला, जड माणसांत फारसा फरक दिसला नाही. आपली समजूत नेमकी उलटी असते. भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या सडपातळ मुलींच्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

म्हणून विचारणाऱ्या घरांना मी सांगते की महामार्गाच्या काँक्रीटवर रोज धावणाऱ्या पोरीला गादीचा बूट ही चैन नाही. पण सर्वांत जाड आणि सर्वांत महाग हवा, असंही नाही. कॅलगरीचे बेनो निग यांनी आयुष्यभर धावण्याचा अभ्यास करून २०१५ साली मांडलं की पायाला जो बूट सोयीचा वाटतो, तोच बहुधा योग्य. तेव्हा बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू द्या, टाच निसटता कामा नये, आणि दुकानासमोर चार पावलं धावून बघा. खारबंदिस्तीच्या बांधावर धावणार असाल तर फार उंच, मऊ तळ नको, ओबडधोबड जमिनीवर त्यात घोटा मुरगळण्याची भीती असते. आणि फोम कायमचा टिकत नाही. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तो दबतो, वरून बूट नवा दिसला तरी. पावसात भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा, चुलीपाशी नको.

आणि हो, ज्या घरात हे पैसे खरोखरच नाहीत, तिथे साध्या बुटावर, शाळेच्या मातीच्या मैदानावर धावलं तरी चालेल. मऊ जमीन हीसुद्धा गादीच, आणि ती फुकट. फडेप्पांच्या काळी पायाखाली माती होती. आमच्या पोरांच्या पायाखालची माती आपण मोठ्यांनीच काँक्रीटखाली घातली आहे. निदान बुटाचा खर्च काढताना तेवढं तरी आठवावं.