शेतजमिनीतून होणारे नत्रयुक्त वायूंचे उत्सर्जन

पिकाला दिलेल्या नत्राचा काही भाग मुळांना न लागता अमोनिया, नायट्रिक ऑक्साइड व नायट्रस ऑक्साइड या रूपांत हवेत निघून जातो. धूर दिसत नसल्याने प्रदूषणाच्या चर्चेत हे उत्सर्जन वाहने व कारखान्यांमागे पडते. प्रत्यक्षात ते मुळीच दुय्यम नाही.

यात अमोनिया सर्वांत महत्त्वाचा. युरियात ४६ टक्के नत्र असते. तो जमिनीवर फोकून दिला की मातीतील युरिएझ हे विकर काही दिवसांतच त्याचे अमोनियम कार्बोनेट करते. दाण्याभोवतीची माती त्यामुळे अल्कधर्मी होते आणि अमोनिया उडू लागतो. मुळातच सामू जास्त असलेली जमीन, ऊन, वारा, आणि ओलसर जमिनीवर खत टाकल्यानंतर पावसाने दिलेली ओढ यांमुळे हा ऱ्हास वाढतो. हवेत हाच अमोनिया वाहने व औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातून बनलेल्या नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांशी संयोग पावतो. तयार होणारे अमोनियम क्षारांचे कण २.५ मायक्रोमीटरहून लहान असल्याने फुप्फुसांत खोलवर जातात. मार्च २०१४ मध्ये पॅरिसला दाट धुरक्यामुळे सम-विषम क्रमांकांनुसार वाहतूक रोखावी लागली. त्या धुरक्यात अमोनियम नायट्रेटचा मोठा वाटा होता. वसंतातील खतांचा हंगाम तेव्हा सुरू झालेला होता. गंगा-सिंधूचे मैदान तर उपग्रहांच्या नोंदींत अमोनियाचे जगातील एक मोठे केंद्र म्हणून दिसते.

मातीतील जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करताना नायट्रिक ऑक्साइड सुटतो. कोरड्या जमिनीवर पाणी पडताच त्याचा लोट येतो आणि उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनण्यास मदत होते. कॅलिफोर्नियातील नायट्रोजन ऑक्साइडांपैकी २० ते ३२ टक्के शेतजमिनीतून येतात, असे २०१८ मधील एका अभ्यासाने मांडले. नंतरच्या संशोधनात हा वाटा खूपच कमी आढळला, त्यामुळे प्रश्न वादग्रस्त आहे. पाणी साचलेल्या जमिनीतून प्रामुख्याने निघणारा नायट्रस ऑक्साइड स्थानिक हवा फारशी बिघडवत नाही, मात्र शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापमानवाढ करतो.

खत फोकण्याऐवजी पेरून मातीआड करणे, हप्त्यांनी देणे आणि लगेच हलके पाणी देणे हे अमोनियावरील खात्रीचे उपाय आहेत. भारतात २०१५ पासून देशी युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप नायट्रेट बनण्याचा वेग कमी करतो. वर पडून राहिलेल्या युरियातून उडणारा अमोनिया त्याने थांबत नाही.