थळघाटाचीं इंजिनें

मुंबईहून इगतपुरीकडे जाणारा लोहमार्ग शहापूर तालुक्यांतील आटगांव, खर्डी आणि उंबरमाळी हीं स्थानकें ओलांडून कसाऱ्यास पोहोंचतो. उंबरमाळी हें लहानसें गांव. मेल गाड्या तेथें थांबत नाहींत. परंतु सह्याद्रीशीं झुंजावयास निघालेलें प्रत्येक इंजिन या गांवावरून पुढें गेलें आणि घाट उतरून आलेलें प्रत्येक इंजिन येथूनच सखल मुलखांत परतलें. कोणतें इंजिन श्रेष्ठ, हा प्रश्न विचारण्यास याहून योग्य जागा क्वचितच सांपडेल.

हा प्रश्न जगांत सर्वत्र विचारला जातो. अमेरिकेंत शेवरोलेट कंपनीनें १९५५ सालीं आठ नळकांड्यांचें एक आटोपशीर इंजिन बाजारांत आणलें. तेव्हांपासून तेथील मोटारींचे शौकीन एका इंजिनाची अश्वशक्ति दुसऱ्याशीं ताडून पाहतात आणि पाव मैलाची सपाट धांव किती सेकंदांत पुरी होते, यावरून निर्णय देतात. थळघाटाची कसोटी निराळी आहे. तेथें धांव सव्वानऊ मैलांची, चढ ९७२ फुटांचा आणि जेथें उतार सर्वांत तीव्र आहे तेथें सदतीस फुटांस एक फूट असें त्याचें प्रमाण. या प्रमाणाचा अर्थ असा कीं, चारशें टनांची गाडी चढावर उभी असेल तर तिचें वजनच तिला सुमारें अकरा टनांच्या जोरानें मागें खेंचीत असतें. जो जोर चढतांना आडवा येतो, तोच उतरतांना गाडीला दरीकडे लोटतो. म्हणून घाटांतील इंजिनाची परीक्षा दोनदां होते. वर जातांना एकदां आणि खालीं येतांना एकदां.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६१ सालीं कसाऱ्यापर्यंत आला आणि १ जानेवारी १८६५ रोजीं थळघाट खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यानें बोरघाट व थळघाट या दोन्ही मार्गांची आंखणी केली होती. काम पुरें झालेलें पाहण्यापूर्वींच, १८६२ सालीं, तो वारला. त्याच सुमारास शार्प स्टुअर्ट या इंग्लिश कारखान्यानें घाटासाठीं खास वाफेचीं इंजिनें बनविलीं. त्यांच्या पाण्याची टांकी बाष्पकाच्या पाठीवर खोगिरासारखी बसविलेली असे. यांत मोठें मर्म होतें. चाक रुळावर न घसरतां पकड घेण्यास त्यावर भार पाहिजे, आणि पाण्याचें ओझें तो भार पुरवीत असे. परंतु चढतांना पाणी वाफ होऊन जाई, टांकी हलकी होई, आणि पकडीची जेव्हां सर्वांत अधिक गरज, नेमकी तेव्हांच ती कमी होऊं लागे.

उतारासाठीं या इंजिनांस थेट रुळावर दाबले जाणारे ब्रेक दिलेले होते. ही खबरदारी किती आवश्यक होती, हें जानेवारी १८६९ मध्यें बोरघाटांत दिसून आलें. तेथें गाडीची दिशा उलटविण्याचें एक स्थानक होतें. घाट उतरणारी मेल गाडी ब्रेक न लागल्यानें त्या स्थानकाचा शेवट ओलांडून गेली व प्राणहानि झाली. त्या गाडीस शक्ति कमी पडली नव्हती. थांबणें तिला साधलें नाहीं.

१९३० सालापर्यंत दोन्ही घाटांत वीज आली, आणि दोन विजेऱ्या इंजिनांची तुलना करण्याची उत्तम संधि मिळाली. पहिलें प्रवासी गाड्यांसाठीं, २१६० अश्वशक्तीचें. त्याची धांव मोठी. पण वजनाचा कांहीं भाग नुसत्या आधाराच्या चाकांवर असे. दुसरें मालगाड्यांसाठीं, २६०० अश्वशक्तीचें आणि सुमारें सव्वाशें टन वजनाचें. त्याचा सांगाडा मध्यें सांधलेला, दोन्हींकडे लांब नाकाडें, आणि सहाही आंस दांड्यांनीं फिरविलेले. म्हणून वजनाचा प्रत्येक टन पकडीच्या कामीं येई. युरोपांत अशा इंजिनास मगर म्हणत. आपल्याकडील कामगारांनीं त्याच्या विचित्र आवाजावरून त्यास खेंकडा म्हटलें. शर्यतींत पहिलें जिंकलें असतें. घाटांत मालाचें ओझें ओढण्यास खेंकडाच हवा. घोडा आणि बैल यांतील श्रेष्ठ कोण, हें जोखड पाहिल्याविना ठरत नाहीं.

खेंकड्याचा खरा गुण उतारावर प्रकट होई. त्याचीं विद्युत्‌यंत्रें उतरतांना जनित्रें बनत, गाडीस आवरून धरीत आणि निर्माण झालेली वीज तारेंत परत सोडीत. धूर मात्र नाहींसा झाला, असें म्हणतां येत नाहीं. रेल्वेचें ठाकुर्लीचें वीजगृह कोळशावरच चाले. बोगद्यांतील धूर धुराड्यांतून निघूं लागला, इतकेंच. तथापि बोगद्यांत गुदमरणाऱ्या फायरमनच्या दृष्टीनें तेवढाच फरक मोठा होता. या जातीच्या इंजिनांनीं अर्धशतकाहून अधिक काळ सेवा केली. त्यांपैकीं एक, सर लेस्ली विल्सन या नांवाचें, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत जतन केलेलें आहे.

पुढें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मुंबई विभागांतील १५०० व्होल्टांचा प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टांचा आला. आजचें एक प्रवासी इंजिन सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीचें असतें, खेंकड्याच्या दुपटीपेक्षां जास्त. तरीहि जड गाड्यांना कसाऱ्यास मागून साहाय्यक इंजिनें लावावीं लागतात. १० फेब्रुवारी २०२३ रोजीं सुरू झालेली मुंबई–शिर्डी वंदे भारत गाडी त्यांच्यावांचून घाट चढते, कारण तिची शक्ति एका टोकास न ठेवतां अनेक डब्यांखालीं वांटून दिलेली आहे, आणि उभी राहिल्यास मागें न घसरण्याची ब्रेकांची तजवीज तिच्यांत आहे.

दीडशेंहून अधिक वर्षांत अश्वशक्तीचे आंकडे कितीतरी पटींनीं वाढले. सह्याद्रीचा उतार तेवढाच राहिला. त्या उतारानें प्रत्येक इंजिनास एकच गोष्ट विचारली: ओझें घेऊन वर जातां येतें काय, आणि माणसांसह सुखरूप खालीं येतां येतें काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्यास देतां आलें नाहीं, त्याच्या अश्वशक्तीचा आंकडा कितीहि मोठा असो, घाटांत त्याची किंमत शून्यच.