रुंद रस्ता आणि पायवाट : सिअ‍ॅटलमधील स्टोन वे

सिअ‍ॅटल नगराच्या उत्तर भागातील स्टोन वे हा रस्ता माजी महापौर कॉर्लिस स्टोन यांच्या नावाने ओळखला जातो. 1911 मध्ये त्याच्या दक्षिण टोकापासून लेक युनियन सरोवरावर लाकडी पूल बांधण्यात आला. 1917 मध्ये फ्रीमाँट पूल खुला झाल्यावर तो मोडण्यात आला. रस्ता मात्र ऐसपैसच राहिला.

याच टोकाजवळून थॉमस बर्क व डॅनियल गिलमन यांच्या पुढाकाराने 1880 च्या दशकात निघालेला लोहमार्ग जात असे. 1971 मध्ये रेल्वे कंपनीने तो सोडून देण्याचे ठरविले आणि 1978 पासून त्या पट्ट्यावर पादचारी व सायकलस्वारांचा बर्क-गिलमन मार्ग आकारास आला. आगगाडीसाठी वाहने थांबतात. पायी चालणाऱ्यासाठी ती थांबतीलच असे नाही.

खरी अडचण केवळ रुंदीची नव्हती, मार्गिकांच्या मांडणीची होती. चौपदरी रस्त्यावर एक मोटार थांबली, तरी तिच्या आडून शेजारच्या मार्गिकेतील दुसरी येतच राहते. ओलांडणारा तिच्या चालकास दिसतो तो अगदी अखेरच्या क्षणी. म्हणून 2007 मध्ये 34व्या ते 50व्या रस्त्यापर्यंत प्रत्येक दिशेस एकच मार्गिका ठेवून मध्ये वळणाची मार्गिका आखण्यात आली व उरलेली जागा सायकलींना देण्यात आली. काम मुख्यतः रंगाच्या रेषांचेच होते.

रहदारी आसपासच्या गल्ल्यांत शिरेल, ही भीती नगराच्या वाहतूक विभागाने 2010 मध्ये केलेल्या पाहणीत खरी ठरली नाही. एकूण अपघात सुमारे 14 टक्क्यांनी घटले. पादचाऱ्यांच्या अपघातांतील घट त्याहून पुष्कळच मोठी होती. सायकलस्वार वाढले, त्यांचे अपघात मात्र वाढले नाहीत.