दामोदर कोसंबी आणि उपयोजित गणिताची कसोटी

गणिताचे उपयोजन म्हणजे तयार सूत्र उचलून दुसऱ्या शास्त्राच्या सामग्रीला लावणे, असा समज पुष्कळदा आढळतो. तो कितपत खरा आहे हे पाहावयाचे असल्यास दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्या कार्याइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच मिळेल.

गोव्यातील कोसबेन येथे जन्मलेले कोसंबी १९१८ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेस गेले. पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी हार्वर्ड विद्यापीठात बौद्ध ग्रंथांच्या संपादनात गुंतले होते. पुढे त्याच विद्यापीठात शिकत असता दामोदर यांना गणितज्ञ बर्कहॉफ यांनी केवळ गणितावर लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला. परंतु त्यांनी भाषादी अनेक विषयांचा व्यासंग चालू ठेवला. १९२९ मध्ये पदवी घेऊन ते स्वदेशी परतले. त्यापुढील पदवी त्यांनी घेतली नाही. बनारस व अलीगढ येथील अध्यापनानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पर्यंत तेथे राहिले.

या पुण्याच्या काळातच त्यांनी प्राचीन आहत नाण्यांचा प्रश्न हाती घेतला. या चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, वर्षही नाही. आहेत त्या केवळ चिन्हे. कोसंबींनी तराजू घेतला. टांकसाळीतून निघालेले नाणे हातोहाती फिरताना झिजते. त्यामुळे एका गटाची सरासरी वजने कालमानाने घटतात आणि वजनांतील विषमता वाढते. जमिनीत पुरलेल्या ठेवीत ही झीज थांबते. हा नियम नुसता गृहीत न धरता त्यांनी तो वर्ष कोरलेल्या आधुनिक नाण्यांवर तपासून पाहिला. नंतर तक्षशिलेच्या नाण्यांत त्यांना असे आढळले की, मागील बाजूवरील बारीक चिन्हांची संख्या वाढते तसे सरासरी वजन कमी होते. म्हणजे ही चिन्हे वेळोवेळी नाणे पारखून उमटविलेली असावीत. मुक्या धातूतून कालक्रम मिळाला, तो या मार्गाने.

दुसरे उदाहरण जनुकशास्त्रातील आहे. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर पुनःसंयोगाच्या प्रमाणावरून अनुमानावे लागते. परंतु दोहोंमध्ये दोन विनिमय घडल्यास ते एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात व प्रमाण कमी भरते. १९१९ मध्ये हॉल्डेन यांनी सर्व विनिमय परस्परनिरपेक्ष मानले होते. कोसंबींनी १९४३-४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रात एक विनिमय जवळच्या दुसऱ्यास अडथळा करतो आणि अंतर वाढते तसा हा अडथळा ओसरतो, ही जीवशास्त्रातील वस्तुस्थिती सामावून घेतली. जनुकनकाशे तयार करताना ते सूत्र आजही वापरले जाते.

या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९४६ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत असता कोसंबींनी १९५९ मध्ये संभाव्यतेच्या मार्गाने रीमान सिद्धांतकल्पना सिद्ध केल्याचा दावा केला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. १९६२ मध्ये त्यांचा संस्थेशी संबंध संपला. नाण्यांच्या बाबतीत ज्ञात वर्षांची नाणी अनुमानाची साक्ष देऊ शकत होती. संख्याशास्त्रीय संभव तेथे पुरावा ठरला. मूळ संख्यांच्या क्षेत्रात मात्र संभव कितीही दृढ असला तरी तो सिद्धता होत नाही. गणिती एकच, परंतु कसोटी भिन्न.

आज अनेक विद्यापीठांनी मिळून चालविलेल्या आंतरराष्ट्रीय पदव्युत्तर अभ्यासक्रमांत विद्यार्थी एका देशात गणित आणि दुसऱ्या देशात त्याचे उपयोजन शिकतात. विषयांची सीमा ओलांडण्याची सोय त्यामुळे वाढली आहे. परंतु सीमेपलीकडे गेल्यावर तेथील पुरावा कशास म्हणतात हे ज्याने त्याने तेथेच शिकावे लागते. कोसंबींचे यश आणि अपयश या दोहोंतून निघणारा बोध तो हाच होय.