दगडाखालचं तापमान: पाळीव सरड्याच्या लपणाचा इतिहास

गेको, छोटे साप, कासवं काचेच्या पेटीत पाळणारे लोक जगभर आहेत, आणि त्यातले बरेच जण पेटीतली सजावट घरीच बनवतात. थर्माकोलचे तुकडे एकावर एक चिकटवायचे, सुरीने कोरून खडकासारखा आकार द्यायचा, टाइल्सच्या फटीत भरतात त्या ग्राउटचे तीन-चार हात द्यायचे, रंग लावायचा. पोटात एक पोकळी सोडायची, जनावराला लपायला. इंग्रजीत तिला ‘हाइड’ म्हणतात, मी सरळ ‘लपण’ म्हणतो. (भारतातले बहुतेक देशी साप, घोरपड, तारा कासव हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे घरात ठेवता येत नाहीत. 2022 च्या दुरुस्तीनंतर बऱ्याच परदेशी प्रजातींचीही नोंदणी करावी लागते. हे आधी सांगितलेलं बरं.)

आता हा छंदाचा विषय संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी कशाला? कारण गेल्या पावणेदोनशे वर्षांत या नकली खडकाकडे लोकांनी वेगवेगळे प्रश्न घेऊन पाहिलं. प्रश्न बदलला की मोजायची गोष्ट बदलली, आणि मोजायची गोष्ट बदलली की खडकही बदलला. इतकं सोपं आणि स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही.

सुरुवात लंडनपासून करू. तिथल्या प्राणीसंग्रहालयाने 1849 मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र इमारत लोकांना खुली केली. जगातलं अशा प्रकारचं पहिलं सार्वजनिक दालन म्हणून ते ओळखलं जातं. पुढे काच, आत जनावर, आणि उबेसाठी ब्लँकेट. सापाला शिरायला जागा म्हणजे ते ब्लँकेटच. 1851 मध्ये तिथल्या एका बोआने आपलं ब्लँकेट गिळलं आणि काही आठवड्यांनी बाहेर टाकलं. त्या काळी हा किस्सा खूप गाजला. पण मला त्यात दुसरंच दिसतं. सापाला पांघरूण लागतं, त्याखाली जायचं असतं, हे तिथल्या रखवालदारांना अनुभवाने कळलेलं होतं. का लागतं, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नव्हता.

दरम्यान घरगुती पेट्यांचा शौक वाढत होता. नथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरच्या बंद काचपेटीत नेचे जगतात हे कळल्यावर तशा पेट्या दिवाणखान्यात आल्या, आणि हळूहळू त्यात बेडूक, सरडेही शिरले. 1884 मध्ये योहान फॉन फिशर यांचं ‘दास टेरॅरियम’ हे जर्मन पुस्तक आलं, 1897 मध्ये ग्रेगरी बेटमन यांचं ‘द व्हिव्हॅरियम’. पेटी बांधायची कशी, आत मांडायचं काय, हे शिकवणारी ही पुस्तकं. म्हणजे घरी सजावट बनवण्याची हौस इंटरनेटच्या आधी शंभर वर्षं तरी जुनी आहे.

मग आला काँक्रीटचा काळ. कार्ल हागेनबेक यांनी 1907 मध्ये हँबुर्गजवळ श्टेलिंगनला आपलं प्राणीसंग्रहालय उघडलं. त्यातले भलेमोठे नकली कडे उर्स एगेनश्विलर या स्विस शिल्पकाराने केले. लोखंडी गज नाहीत, खंदक आहेत, आणि मागे ‘पर्वत’. लंडनने 1914 मध्ये मॅपिन टेरेसेस बांधून तोच कित्ता गिरवला. हे खडक कोणासाठी होते? सरळ उत्तर: तिकीट काढून आलेल्या माणसासाठी. कडा बघताना खरा वाटला पाहिजे, एवढीच कसोटी. आजही घरी खडक बनवणारे बहुतेक लोक नकळत ही हागेनबेकचीच कसोटी लावतात. रंग कसा जमला, भेगा किती खऱ्या वाटतात. फोटोत तेच दिसतं ना.

इथे जोन बोशांप प्रॉक्टरकडे जरा थांबायला हवं. जन्म 1897 चा. प्रकृती लहानपणापासून नाजूक, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं वेड इतकं की शाळकरी वयात तिने मगरीचं पिल्लू पाळलं होतं. ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज बुलेंजर या मोठ्या सर्पतज्ज्ञाच्या हाताखाली ती शिकली आणि 1923 मध्ये लंडन प्राणीसंग्रहालयाची सरीसृप विभागप्रमुख झाली. तिथल्या नव्या मत्स्यालयातल्या खडकांची रचनाही तिचीच. म्हणजे खडक ‘दिसायला’ कसा करायचा हे तिला चांगलंच येत होतं.

1927 मध्ये तिच्या आराखड्यानुसार नवं सरीसृपगृह उघडलं, तेव्हा मात्र तिने आणखी काहीतरी केलं. सगळी खोली सारखी तापवण्याऐवजी पेटीतल्या ठरावीक जागा विजेने तापवल्या, म्हणजे जनावराने हवं तेव्हा उबेला यावं, नको तेव्हा दूर जावं. साधी काच अतिनील किरण अडवते, म्हणून ते आत सोडणारी खास काच वापरली. प्रेक्षकांची जागा अंधारी आणि पेट्या उजळ ठेवल्या. खडक दिसायला होताच, पण आता तो वापरायलाही होता. प्रॉक्टर 1931 मध्ये गेली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. ती इमारत त्यानंतर कितीतरी दशकं वापरात राहिली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात तिचं नाव हागेनबेकच्या वर लिहायला हवं, पण पुस्तकांत जागा मिळते हागेनबेकला.

तरीही एक गोष्ट राहिलीच होती. जनावराला नेमकं किती तापमान हवं, हे प्रॉक्टरकडे अंदाजानेच होतं. ते आकड्यांत आलं 1944 मध्ये. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्यांची आणि सापांची शरीराची तापमानं मोजून निबंध प्रसिद्ध केला. तोवर ‘शीतरक्ताचे’ म्हणजे भोवतालच्या हवेप्रमाणे तापणारे-थंडावणारे, एवढीच समजूत होती. या दोघांना दिसलं की वाळवंटी सरडे वावरताना आपलं तापमान एका अरुंद पट्ट्यात राखतात, कित्येकदा आपल्या शरीराइतकं, आणि ते राखतात ऊन-सावलीत ये-जा करून. मरणाचं तापमान त्या पट्ट्याच्या जेमतेम काही अंश वर. भर उन्हात आडोसा मिळाला नाही तर वाळवंटात जन्मलेलं जनावरसुद्धा काही मिनिटांत मरतं. इथे लपणाचा अर्थच बदलला. शत्रूपासून लपायची जागा ती आहेच, पण त्याआधी ती तापमानाची जागा आहे.

त्यानंतर मला सगळ्यात आवडणारा निबंध 1989 चा, रेमंड ह्युई आणि सहकाऱ्यांचा. कॅलिफोर्नियातल्या ईगल लेकजवळचे गार्टर साप दिवसाचा बराच वेळ दगडाखाली काढतात. प्रश्न साधा: कुठल्या दगडाखाली? पातळ दगडाखाली दुपारी जीवघेणं तापतं, फार जाड दगडाखाली कधी पुरेशी ऊबच येत नाही. मधल्या जाडीच्या, साधारण 20 ते 40 सेंमीच्या दगडाखाली सापाला हवं तसं तापमान सर्वांत जास्त तास मिळतं. आणि साप बहुतेक तेच दगड निवडत होते. त्याआधीची मंडळी उघड्यावर फिरणारी जनावरं मोजत होती, कारण तीच दिसतात. जनावर दिसत नाही तेव्हाचं मोजायचं ही यातली नवी गोष्ट.

हे 20-40 कुठून येतं, त्याचं गणित तुम्ही एम.एस्सी.ला केलेलं आहे. पृष्ठभाग दिवस-रात्र तापतो-थंडावतो, ती उष्णतेची लाट आत जाता जाता विरते. खडकाचा उष्मा-विसरणांक ढोबळ 1 चौ. मिमी प्रति सेकंद धरा. त्याच्या दुपटीला दिवसाच्या कोनीय वारंवारतेने भागून वर्गमूळ घेतलं की 16-17 सेंमी येतात. या खोलीवर चढउतार पृष्ठभागाच्या 37 टक्के उरतो. 5 सेंमीवर तो 74 टक्के, 30 वर 16, 50 वर 5. शिवाय लाट उशिराही पोचते, 30 सेंमीवर जवळपास सात तास उशिरा. म्हणजे दुपारी एकची ऊब खाली रात्री आठला मिळते. (दगड अनंत जाड नसतो, खालच्या मातीचा परिणाम असतो, वगैरे आहेच. पण चित्र बरोबर येतं.)

आता घरच्या थर्माकोलच्या खडकाकडे परत या. हेच गणित त्याला लावलं तर गंमत होते. थर्माकोलचा विसरणांक जवळपास दगडाइतकाच येतो! तेवढाच एक आकडा पाहणारा म्हणेल, चला, चालेल. पण थर्माकोल उष्णता वाहून नेतो दगडाच्या पन्नास-साठ पट कमी, आणि तेवढ्याच घनफळात साठवतो सत्तर-ऐंशी पट कमी. दोन्ही लहान, म्हणून भागाकार सारखा. प्रत्यक्षात दिव्याखाली ग्राउटचं वरचं कातडं चटका बसेल इतकं तापतं, दिवा बंद केला की थोड्या वेळात गार, आणि पोकळीत काहीच पोचत नाही. दिसायला झकास खडक, जनावराच्या लेखी नुसती पोकळी.

उपाय अवघड नाही. ढाचा थर्माकोलचा ठेवा, पण दिव्याखालच्या भागावर शहाबादी फरशीचा किंवा कडाप्प्याचा तुकडा बसवा, आणि पोकळीचं छत त्याच तुकड्याचं करा. वजन पेटीच्या तळावर टेकवा, वाळूवर नको. जनावर वाळू उकरतं आणि फरशी अंगावर येते. दुसरं लपण पेटीच्या गार टोकाला करा, नाहीतर जनावराला सुरक्षितता किंवा योग्य तापमान यातलं एकच निवडावं लागतं. आणि तापमापकाचं टोक पोकळीच्या आत ठेवा.

आपल्याकडे या कामाला मडकं होतं. चेन्नईजवळच्या इरुला सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेत, जी 1978 मध्ये सुरू झाली, विषासाठी पकडलेले साप मातीच्या मडक्यांत वाळू घालून, तोंडाला फडकं बांधून ठेवतात. बत्तीस शिराळ्यातही नागपंचमीआधी पकडलेले नाग मडक्यांतच ठेवत. ती प्रथा न्यायालयाने थांबवली आणि ते योग्यच झालं. पण भांडं म्हणून मडकं उत्तम: अंधार, अंगाला टेकणाऱ्या भिंती, आणि माठाच्या तत्त्वाने येणारा गारवा. कात टाकायच्या वेळी घरचा छंदी ओलसर लपण करतो, त्यात याहून वेगळं काही नसतं.

लपणाने जनावराला खरंच बरं वाटतं का, हेही तपासलं गेलं आहे. 2005 मध्ये केस आणि सहकाऱ्यांनी बॉक्स टर्टल जातीची कासवं साध्या आणि सजवलेल्या जागेत ठेवली. सजवलेल्या जागेतली कासवं पळून जायची धडपड कमी करत होती, रक्तातल्या पेशींचं तणाव दाखवणारं प्रमाणही कमी होतं, आणि निवड दिल्यावर ती सजवलेल्या बाजूलाच जात. उलट 2011 मध्ये रोझियर आणि लँगकिल्ड यांनी फेन्स लिझर्डना चढायला जास्तीचं सामान दिलं, तर फरक दिसला नाही. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचा. ‘सजावट’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरलेला आहे.

या सगळ्याची किंमत जंगलाने कशी मोजली, ते सिडनीजवळ दिसतं. तिथल्या वालुकाश्माच्या कड्यांवर ब्रॉड-हेडेड स्नेक नावाचा दुर्मिळ निशाचर साप राहतो. थंडीच्या महिन्यांत तो कड्याच्या उघड्या कडेवरच्या, ऊन खाणाऱ्या पातळ दगडांखाली दिवस काढतो. त्याच्या पिल्लांचं खाद्य असलेला व्हेल्व्हेट गेकोही तशाच दगडांखाली. आणि नेमके हेच झिजलेले, सुंदर दगड लोक बागेच्या सजावटीसाठी उचलून नेतात. रिचर्ड शाइन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हे नुकसान मांडलं. दगड झिजून असा व्हायला हजारो वर्षं लागतात, तो पुन्हा उगवत नाही.

म्हणून 2010 च्या आसपास बेंजामिन क्रोक, शाइन वगैरेंनी तंतुमिश्रित सिमेंटचे नकली दगड बनवून त्या कड्यांवर ठेवले. खालची फट खऱ्या दगडासारखी, तापमानही खऱ्या दगडाखालच्यासारखं येईल असे. कीटक आले, व्हेल्व्हेट गेको आले. हे दगड ठेवताना वर झाडांची सावली नाही ना, हेही बघावं लागलं, कारण सावलीतला दगड या सापाला उपयोगाचा नाही.