बॉनचे प्रोफेसर हाउसडॉर्फ

छापा पडला तर एक पाऊल पुढे, काटा पडला तर मागे. अशी 10,000 पावले टाकल्यावर माणूस मूळ जागेपासून किती लांब असेल? साधारण 100 पावलांच्या घरात, म्हणजे 10,000 च्या वर्गमुळाइतका. पण चालणे कधी थांबलेच नाही, तर मधूनमधून तो याहून किती दूर भटकेल? कोकण सोडून आलेल्या आम्हांला भटकणे नवे नाही. त्याचा असा हिशेब मात्र नवा वाटला. घातांक अर्ध्याहून किंचित वाढवला, मग तो कितीही थोडा असो, की भटकणे अखेरीस त्या मर्यादेत राहते, हे फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी 1914 च्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले. नेमकी सीमा 1924 साली रशियाच्या खिंचिन यांनी ठरवली.

हाउसडॉर्फ ब्रेस्लावच्या यहुदी घराण्यातले, जन्म 1868. बॉनच्या विद्यापीठातून ते 1935 साली निवृत्त झाले. जानेवारी 1942 मध्ये एंडेनिखच्या छावणीत जाण्याचा हुकूम आला, तेव्हा 26 तारखेला त्यांनी, पत्नी शार्लोट व मेहुणी एडिथ यांनी घरीच जीवन संपवले. हस्तलिखिते त्यांचे मित्र, इजिप्तविद्येचे पंडित हान्स बॉनेट यांनी जपली. ती आज बॉनच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहेत.