ऑयलरचे अनुमान, श्रीखंडे आणि बीजीय रचनांचे विघटन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मोठी बीजीय रचना लहान रचनांच्या गुणाकारात विघटित करणे ही बीजगणिताची प्रस्थापित पद्धती आहे. मात्र ही पद्धती जेथे अपुरी पडते, तेथे रचनाच संभवत नाही असे मानता येईल काय? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७-२०२०) यांच्या संशोधनाच्या आधारे केला आहे.

समस्येचे स्वरूप :
ज्वारीच्या प्रयोगक्षेत्रात सात वाण सात ओळी व सात स्तंभांत असे पेरले की प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत व स्तंभात एकदाच येईल, तर सात कोटीचा लॅटिन चौरस तयार होतो. हाच क्वासीग्रुपचा गुणाकार-तक्ता होय. दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यास प्रत्येक जोडी एकदाच आली, तर ते परस्परलंब ठरतात. अशा जोड्यांचा वर्ग नित्यसमीकरणांनी व्याख्यित करता येतो. म्हणून तीन व चार कोटीच्या जोड्यांच्या गुणाकारातून बारा कोटीची जोडी मिळते. परंतु दोन कोटीची जोडी नाही. त्यामुळे ६, १०, १४, १८, २२ अशा, ४ ने भागल्यास २ बाकी उरणाऱ्या कोटींपाशी गुणाकार थांबतो. या कोटींच्या जोड्या नसाव्यात, असे ऑयलरने १७८२ मध्ये सुचविले. १९०० मध्ये टॅरी यांनी ६ पुरते ते सिद्ध केले.

श्रीखंडे यांचे कार्य :
नागपूर येथे शिक्षण घेतलेल्या श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये आपले गुरू राजचंद्र बोस यांच्यासह २२ कोटीची जोडी निर्माण केली. ती पुढीलप्रमाणे मांडता येते. १५ बिंदूंचे तीन-तीनचे ३५ गट सात वर्गांत असे विभागतात की प्रत्येक वर्गात सर्व बिंदू एकदाच येतात. प्रत्येक वर्गाच्या सर्व गटांना एकच नवा बिंदू जोडला आणि सात नव्या बिंदूंचा स्वतंत्र गट केला, की २२ पैकी कोणतेही दोन बिंदू नेमक्या एका गटात येतात. चार व सात कोटीच्या सुयोग्य जोड्या या गटांवर बसविल्या की काम होते. पार्कर यांनी १० कोटीची जोडी दिली. पुढे तिघांनी मिळून ६ पेक्षा मोठ्या सर्व कोटींसाठी जोडी असल्याचे सिद्ध केले.

निष्कर्ष :
१९९४ मध्ये हार्ट, स्टार्चेन्को व व्हॅलेरिओट यांनी मॉडेल-सिद्धान्ताच्या अर्थाने अतिस्थिर असलेल्या समीकरणीय वर्गांचे दोन सुबोध घटकांत विघटन होते, हे दाखविले. स्थिरता असेल तेथे विघटनाचे असे आश्वासन मिळते. ऑयलरच्या अनुमानाचा इतिहास मात्र सावध करतो : विघटन न सापडणे हा अभावाचा पुरावा नव्हे. ६ साठी स्वतंत्र सिद्धता लागली. २२ साठी जोडणीची वेगळी रीत शोधावी लागली.